हार्टफर्डची एकशेवीस मुले

मार्क ट्वेनचे घर पाहायला मी गेलो, तो केवळ टॉम सॉयरच्या ओढीने. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात हार्टफर्ड नावाचे शहर आहे. विमा कंपन्यांचे शहर म्हणून त्याची ख्याती. माझी मुलगी तिथून तासाभराच्या अंतरावर राहते. "बाबा, विम्याच्या कचेऱ्या बघण्यात काही अर्थ नाही, मार्क ट्वेनचं घर मात्र बघाच," असे म्हणून तिने एका शनिवारी सकाळी मला त्या घराच्या दारात सोडले आणि ती आपल्या कामाला गेली.

आम्ही आठ-दहा प्रेक्षक होतो. त्यांत एक सत्तरीच्या घरातल्या अमेरिकन बाई आणि त्यांच्याबरोबर एक विशी-बाविशीची चिनी मुलगी. मुलगी तिथल्या एका कॉलेजात शिकत होती आणि बाईंच्या घरी राहत होती. घर दाखवणारा तरुण वरच्या मजल्यावरच्या बिलियर्डच्या खोलीत मार्क ट्वेनच्या मित्रांविषयी सांगत होता. ट्विचेल नावाच्या धर्मोपदेशकाचे नाव निघाले, तशी ती मुलगी हळूच म्हणाली, "युंग विंगही याच गावात राहत होते ना?"

"कोण गं ते?" बाईंनी विचारले.

"ज्यांनी चीनहून मुलं आणली ते. त्यांतल्या एका मुलावर आम्हांला शाळेत धडा होता. जान त्येनयू. आगगाडीवाले."

बाईंना ते नाव ठाऊक नव्हते. खरे सांगायचे, तर मलाही नव्हते. इतिहासाची चार पुस्तके वाचली आहेत अशा समजुतीत मी इतकी वर्षे वावरलो. पण चीनमधल्या शाळकरी पोराला जे नाव पाठ असते, ते मी त्या दिवशी प्रथमच ऐकले. संध्याकाळी मुलीला म्हटले, "तुमच्या लायब्ररीतून काही पुस्तकं आणून दे." पुढचा आठवडा मी दुसरे काही केले नाही.

युंग विंगचा जन्म १८२८ सालचा. मकावजवळच्या एका खेड्यात, गरिबाच्या घरी. मिशनऱ्यांच्या शाळेत घातलेला हा पोरगा. त्याच्या अमेरिकन गुरुजींची प्रकृती बिघडली, म्हणून ते १८४७ साली मायदेशी निघाले. वर्गात विचारले, "माझ्याबरोबर कोण येतो?" तिघे उभे राहिले, त्यांत हा एक. सात वर्षांनी, १८५४ साली, येल विद्यापीठाची पदवी घेऊन तो बाहेर पडला. अमेरिकेतल्या विद्यापीठाची पदवी मिळवणारा हा पहिला चिनी. तोपर्यंत त्याने अमेरिकेचे नागरिकत्वही घेतले होते. पण डोक्यात एकच ध्यास होता: मला जे मिळाले ते माझ्या देशातल्या आणखी मुलांना मिळाले पाहिजे.

हा ध्यास तडीस जायला अठरा वर्षे लागली. मायदेशी परतलेल्या युंग विंगला आधी आपली मातृभाषाच पुन्हा शिकावी लागली! कारकुनी केली, चहाचा व्यापार केला, आणि अखेर त्सेंग क्वोफान आणि ली हुंगचांग या दोन बड्या अधिकाऱ्यांच्या दरबारी त्याचे वजन पडले. अफूच्या युद्धांत परदेशी तोफांपुढे चीनचे काही चालले नव्हते. तेव्हा तोफा कशा ओतायच्या, जहाजे कशी बांधायची, हे शिकून येणारी माणसे दरबाराला हवी होती. योजना ठरली. १८७२ पासून चार वर्षे, दर वर्षी तीस मुले अमेरिकेला पाठवायची. एकूण एकशेवीस. शिक्षणाची मुदत पंधरा वर्षे आणि सगळा खर्च सरकारचा.

आणि मुले मिळेनात! सुखवस्तू घरांतून कोणी पोर द्यायला तयार होईना. समुद्रापलीकडे रानटी लोक राहतात, ते कातडी सोलतात, अशा वावड्या. बहुतेक मुले मिळाली ती मकाव-कँटनच्या बाजूची, जिथल्या लोकांनी गोरा माणूस निदान पाहिलेला होता. बापाला एका कागदावर सही करावी लागे. परदेशात आजारपण आले, मरण आले, तरी तो ज्याच्या त्याच्या नशिबाचा भाग, अशा अर्थाचे कलम त्यात असे. जान त्येनयूच्या बापाने अशी सही केली तेव्हा मुलगा अकरा वर्षांचा होता. हे वाचताना माझा हात थबकला. आपल्या अकरा वर्षांच्या मुलासाठी असल्या कागदावर मी सही केली असती का? नसती केली, हे उत्तर द्यायला मला फार वेळ लागला नाही.

अंगात लांब रेशमी झगे आणि पाठीवर शेपटासारखी वेणी, अशा थाटात ही मुले अमेरिकेत उतरली. वेणी मांचू बादशहाशी इमान राखल्याची खूण. ती कापणे म्हणजे राजद्रोह. रस्त्यावरची अमेरिकन पोरे मात्र "चिनी मुली आल्या, चिनी मुली!" म्हणून ओरडत मागे लागत.

आता खरी मौज अशी, की या मुलांना वसतिगृहात ठेवायचे नाही, असे ठरले. कनेक्टिकटच्या शिक्षणखात्याच्या सचिवांनी लोकांना आवाहन केले, की दोन-दोन मुले आपल्या घरात ठेवून घ्या. एकशेबावीस कुटुंबे पुढे आली. मुलांपेक्षा घरे जास्त! सगळ्या योजनेत हा एवढाच निर्णय मला खरा शहाणपणाचा वाटतो. दरबाराला पुढे भीती वाटली तीही नेमकी त्याचीच.

यान फू ली नावाचा एक मुलगा दुसऱ्या तुकडीत होता. त्याने पुढे आपल्या बालपणाचे पुस्तक लिहिले, ते १८८७ साली अमेरिकेत छापले गेले. पूर्वेकडे येताना त्यांची आगगाडी दरोडेखोरांनी लुटली. सुधारलेला देश म्हणून ज्याचे वर्णन ऐकले त्या देशाचे हे पहिले दर्शन! स्प्रिंगफील्डला पोचल्यावर मुलांची वाटणी झाली. याला घ्यायला आलेल्या बाईंनी त्याला कवटाळले आणि सर्वांदेखत त्याचा मुका घेतला. बाकीची पोरे हसली, हा लाजेने लाल झाला. तान्हेपणानंतर आयुष्यात मिळालेला तो त्याचा पहिला मुका होता. चिनी घरात माया नसते असे नव्हे. ती अशी चारचौघांत दाखवायची नसते एवढेच. आपल्याकडे तरी जुन्या घरांतून कुठे दाखवत?

रविवारी त्या बाईंनी सांगितले, "चला, संडे-स्कूलला जायचंय." पोरांना वाक्यातला शेवटचा शब्द तेवढा कळला. शाळा! त्यांनी पुस्तके काखोटीला मारली. पुस्तके नकोत, असे बाई खुणांनी सांगतात, यांना कळत नाही. बिनपुस्तकांची शाळा कसली? मोठ्या इमारतीत शिरल्यावर आसपासची माणसे आणि गाणी पाहून उलगडा झाला, की हे तर देऊळ. चीन सोडताना ज्यापासून दूर राहायला बजावले होते, ते हेच! पोरे जी उठली ती धूम पळत घरी.

आपल्या आनंदीबाई जोशी १८८३ साली न्यूयॉर्कला उतरल्या, त्यांना उतरवून घ्यायला मिसेस कार्पेंटर आल्या होत्या, हे मराठी वाचकाला सांगायला नको. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणत. या चिनी मुलांच्या मावश्याही तशाच होत्या. खोकल्यावर औषध देणाऱ्या, अभ्यासाला बसवणाऱ्या, सदरा मळला म्हणून रागे भरणाऱ्या. आनंदीबाई मात्र जाणत्या वयाच्या होत्या, आपले काय सोडायचे आणि काय नाही हे ठरवून आल्या होत्या. ही मुले दहा-बारा वर्षांची होती. ती ठरवणार काय? ती बिचारी रुजली.

आणि काय रुजली! वेणी कॉलरच्या आत खोचून बेसबॉल खेळू लागली. त्यांचा स्वतःचा संघ झाला. येल आणि हार्वर्ड या विद्यापीठांची होड्यांची शर्यत म्हणजे तिकडची मोठी अटीतटीची गोष्ट. १८८० आणि १८८१ साली येलची होडी जिंकली तेव्हा सुकाणूवर यांच्यातलाच एक होता. त्यांच्याबरोबर हार्टफर्डच्या शाळेत शिकलेल्या आणि पुढे येलमध्ये नामवंत प्राध्यापक झालेल्या एका गृहस्थाने आठवणींत लिहून ठेवले आहे, की नाचाच्या कार्यक्रमात गावातल्या सर्वांत देखण्या मुली या चिनी पोरांनाच पसंत करीत, आणि आम्ही गोरे भिंतीला टेकून बघत बसत असू. इतकी वर्षे लोटली तरी प्राध्यापकमहाशयांच्या लेखणीतून ती कळ काही गेलेली नाही!

हार्टफर्डला या मंडळींचे एक मुख्य ठाणे होते. आळीपाळीने मुलांना तिथे बोलावून चिनी धडे गिरवून घेत, ठराविक दिवशी पेकिंगच्या दिशेने तोंड करून वंदन करायला लावत. मुले त्या जागेला वैतागलेली असत. नवा देखरेख-अधिकारी आला, त्याच्यापुढे मुलांनी जमिनीला कपाळ टेकून नमस्कार केला नाही. झाले! पेकिंगला पत्रे जाऊ लागली: पोरे अभ्यासापेक्षा खेळतात जास्त. चर्चला जातात. एक-दोघांनी वेणी कापली. ती चिनी उरलेली नाहीत. युंग विंग त्यांना पाठीशी घालतो. आणि घालणारच, त्याने स्वतः अमेरिकन बायको केली आहे!

या अधिकाऱ्याला खलनायक ठरवणे सोपे आहे. पुस्तके तसेच करतात. पण मला त्याची बाजूही अगदीच खोटी वाटत नाही. आपल्या देशाची मुले आपल्या डोळ्यांदेखत दुसऱ्याची होत चालली, ही भीती केवळ मूर्खाला वाटते असे नाही. परदेशी गेलेल्या नातवंडांशी मराठीत बोलू पाहणाऱ्या कोणत्याही आजोबाला ती विचारा.

दुसऱ्या बाजूने अमेरिकेनेही हातभार लावला. दरबाराला हवे होते ते लष्करी शिक्षण. मुले वयात आली तेव्हा युंग विंगने वेस्ट पॉइंट आणि अॅनापोलिस इथल्या लष्करी व आरमारी शाळांत प्रवेश मागितला. १८६८ च्या तहात चिनी विद्यार्थ्यांना सरकारी शिक्षणसंस्था खुल्या करण्याचे वचन होते. उत्तर आले, की चिनी विद्यार्थ्यांसाठी सोय नाही. त्याच आरमारी शाळेत जपानी मुले मात्र शिकत होती. पश्चिम किनाऱ्यावर चिनी मजुरांविरुद्ध दंगे चालले होते आणि मतांचे राजकारण तापले होते. ली हुंगचांगने विचार केला असेल, की तोफा शिकवत नाहीत, तर मग बेसबॉलसाठी का खर्च करायचा?

मार्क ट्वेन इथेच या कथेत येतो. १८८० च्या डिसेंबरात तो आणि ट्विचेल न्यूयॉर्कला माजी अध्यक्ष ग्रँट यांच्याकडे गेले. जगप्रवासात ग्रँटची ली हुंगचांगशी ओळख झाली होती. ग्रँटने फार आढेवेढे न घेता लीला पत्र लिहिले. येलच्या अध्यक्षांनीही शिक्षणतज्ज्ञांच्या सह्यांचे निवेदन पाठवले. काही महिने टळले इतकेच. १८८१ च्या उन्हाळ्यात हुकूम आला: सर्वांनी परत या. पंधरांपैकी नऊच वर्षे भरली होती. सुमारे साठ मुले कॉलेजात वा तंत्रशाळांत पोचली होती, आणि पदवी हाती पडली होती ती अवघ्या दोघांच्या.

जहाजाची वाट पाहत ती सॅनफ्रान्सिस्कोला थांबली, तेव्हा ओकलंडच्या संघाने बेसबॉलचे आव्हान दिले. चिनी पोरे काय खेळणार, असा सगळ्यांचा समज. पोरे जिंकली. दुसऱ्याच वर्षी, १८८२ मध्ये, अमेरिकेने चिनी मजुरांना देशबंदी करणारा कायदा केला, तो १९४३ पर्यंत टिकला.

शांघायच्या धक्क्यावर स्वागताला कोणी नव्हते. हातगाड्यांवर बसवून, बघ्यांच्या टिंगलीतून, मुलांना एका पडक्या शाळेत नेऊन पहाऱ्यात ठेवले. मग वाटणी झाली. इतके तारखात्याला, इतके खाणीला, इतके आरमाराला. कोण काय शिकला याची चौकशी कोणी केली नाही. जान त्येनयू येलमधून रेल्वेबांधणी शिकून आला होता. त्याला फूचौच्या आरमारी शाळेत धाडले. १८८४ साली फ्रेंच आरमाराने त्याच फूचौपाशी चिनी जहाजे बुडवली, त्यांत या मुलांपैकी काही ठार झाली. स्प्रिंगफील्ड-हार्टफर्डच्या कोणाकोणा मावशीला ती बातमी कळली असेल. कारण यांतल्या पुष्कळांनी आपल्या त्या घरांना पुढे वर्षानुवर्षे पत्रे लिहिली.

जान त्येनयूला रेल्वेवर यायला सात वर्षे लागली. १९०५ साली पेकिंगपासून उत्तरेला कालगानपर्यंत लोहमार्ग टाकायचे ठरले. इंग्रज म्हणे आम्ही बांधणार, रशियन म्हणे आम्ही. दोघांचे भांडण मिटेना म्हणून चीनने ठरवले की आपणच बांधू. हा मार्ग बांधणारा चिनी इंजिनियर अजून जन्माला यायचा आहे, अशी चेष्टा परदेशी लोक करीत म्हणे. मार्ग सुमारे दोनशे किलोमीटरचा. वाटेत चीनच्या थोर भिंतीखालचा डोंगर. जानने डोंगराच्या दोन्ही बाजूंनी तर बोगदा खणायला घेतलाच, शिवाय माथ्यावरून विहिरीसारखा खड्डा खाली उतरवून मधूनही खणायला माणसे लावली. जिथे चढ फार, तिथे गाडी एका फाट्यावर पुढे न्यायची आणि उलट दिशेने दुसऱ्या फाट्यावर चढवायची, अशी युक्ती केली. आपल्या बोरघाटात खंडाळ्याजवळ १९२८ पर्यंत गाडी अशीच तोंड फिरवीत असे. जानच्या त्या वळणाचा आकार चिनी लिपीतल्या 'माणूस' या अक्षरासारखा दिसतो. १९०९ साली, मुदतीच्या आधी आणि ठरल्यापेक्षा कमी खर्चात, मार्ग पुरा झाला. चिनी मुलांना धडा आहे तो याचा.

दुसरा एक जण लियांग चेंग. अँडोव्हरच्या शाळेत बेसबॉल गाजवलेला. तो पुढे चीनचा वकील होऊन वॉशिंग्टनला गेला. १९०० च्या बॉक्सर बंडानंतर परकीय सत्तांनी चीनवर जबर दंड लादला होता. अमेरिकेचा वाटा सुमारे अडीच कोटी डॉलर, आणि तो खऱ्या नुकसानीपेक्षा कितीतरी अधिक. हा जास्तीचा पैसा परत मिळवण्यासाठी लियांगने चिकाटीने पिच्छा पुरवला. सांगतात, की अध्यक्ष रूझवेल्ट यांनी एकदा त्याला विचारले, "अँडोव्हरच्या त्या संघात सर्वांत चांगला खेळाडू कोण होता हो?" लियांगने मुत्सद्देगिरी बाजूला ठेवून उत्तर दिले, "मीच." गोष्टीत तिखटमीठ असेलही. पण अमेरिकन माणसाशी कुठे वाकायचे आणि कुठे ताठ राहायचे, हे त्याला ठाऊक होते आणि ते काही राजनीतीच्या पुस्तकातून शिकलेले नव्हते. १९०८ साली अमेरिकेने सुमारे एक कोटी दहा लाख डॉलर सोडून दिले. ते चिनी विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवण्यासाठी वापरायचे ठरले. दुसऱ्या वर्षी पहिले सत्तेचाळीस निघाले, आणि १९११ मध्ये त्यांच्या तयारीसाठी पेकिंगला त्सिंगह्वा ही शाळा निघाली. आज ती जगातल्या नावाजलेल्या विद्यापीठांत गणली जाते.

या पैशावर गेलेल्यांत हू शी होता. त्याला शेतकीशास्त्राला घातले होते. सफरचंदांच्या जाती ओळखण्याच्या तासाला त्याची अशी काही त्रेधा उडाली, की त्याने तो नाद सोडून तत्त्वज्ञान धरले. पुढे चिनी साहित्य पंडिती भाषेतून बोलभाषेत आणणाऱ्यांत तो अग्रणी ठरला. त्याचे गुरू जॉन ड्यूई १९१९ मध्ये चीनला आले ते दोन वर्षांहून अधिक काळ राहिले. ड्यूईंची व्याख्याने हू शी चिनीत सांगे. शिकवायला गेलेला अमेरिकन आपला मुक्काम वाढवीत दोन वर्षे राहतो, तेव्हा तोही काहीतरी शिकतच असला पाहिजे.

आणि याच पैशावर १९३५ साली गेला च्येन शुएसेन. अग्निबाणांच्या विद्येत अमेरिकेने त्याच्याकडून मोठी कामे करून घेतली. १९५० साली तिकडे साम्यवाद्यांची धरपकड सुरू झाली, तसा हाही संशयित ठरला. पाच वर्षे त्याला धड काम करू दिले नाही, धड जाऊही दिले नाही, आणि १९५५ मध्ये चीनला रवाना केले. चीनची क्षेपणास्त्रे उभी केली ती त्याने. अमेरिकेच्या आरमारखात्याचे माजी सचिव डॅन किंबॉल यांनी याला देशाने केलेला सर्वांत मोठा मूर्खपणा म्हटले होते. १८८१ मध्ये पेकिंगला वाटले, ही मुले आमची राहिली नाहीत. १९५० मध्ये वॉशिंग्टनला वाटले, हा माणूस आमचा नव्हेच. दोन्ही वेळा कागद तपासणारा अधिकारी एकाच प्रश्नाला घाबरलेला होता: दोन घरांत ज्याची ऊठबस आहे, तो खरा कोणाचा? आणि दोन्ही वेळा तोटा झाला तो घाबरणाऱ्याचा.

त्यानंतर वीसेक वर्षे दार बंदच होते. १९७८ च्या जुलैत अध्यक्ष कार्टर यांना पहाटे तीन वाजता चीनहून त्यांच्या विज्ञान-सल्लागाराचा फोन आला. तंग श्यावफिंग विचारतात, पाच हजार विद्यार्थी पाठवू का? झोपमोड झालेले कार्टर म्हणाले, एक लाख पाठवा म्हणावे! त्याच वर्षीच्या २६ डिसेंबरला पहिले बावन्न जण निघाले. पुढे लाखही मागे पडले. २०१९-२० साली अमेरिकेत तीन लाख बहात्तर हजार चिनी विद्यार्थी होते. २०२३-२४ मध्ये ते दोन लाख सत्त्याहत्तर हजारांवर आले आणि आपले भारतीय विद्यार्थी संख्येने पुढे गेले. उलट दिशेची वाट तर जवळजवळ बुजली. चीनमध्ये शिकणारे अमेरिकन २०१८-१९ मध्ये अकरा हजारांवर होते, ते महामारीत, २०२१-२२ साली, दोनशे अकरा उरले. फुलब्राइट योजनेतला चीनचा भाग अमेरिकेने २०२० मध्ये बंद केला.

युंग विंगचे काय झाले? ज्या नागरिकत्वावर तो पन्नास वर्षे विसंबला, तेच अमेरिकेने रद्द ठरवले. धाकटा मुलगा १९०२ मध्ये येलचा पदवीधर होणार होता. तो समारंभ पाहायला म्हातारा कसाबसा देशात शिरला. १९१२ च्या मार्चमध्ये चीन प्रजासत्ताकाचा पहिला पंतप्रधान झाला तांग शाओयी, एकशेवीसांपैकीच एक. एप्रिलमध्ये युंग विंग हार्टफर्डला वारला.

हे सगळे मी नंतर वाचले. त्या शनिवारी मार्क ट्वेनच्या घराबाहेर मुलीची वाट पाहत मी बाकावर बसलो होतो, तेव्हा त्या दोघीही शेजारी येऊन बसल्या. चिनी मुलगी दोन वर्षांत घरी गेली नव्हती. गेले तर परतीचा व्हिसा मिळेल याची खात्री नाही, म्हणाली. आई रोज फोनवर विचारते, कधी येतेस. बाई म्हणाल्या, "मी तिला सांगते, जाऊन ये, तुझी खोली मी कोणाला देत नाही." मुलगी काही बोलली नाही.

मग बाईंनी पर्समधून एक छोटी वही काढली. "ते मघाचं नाव लिहून दे, त्या आगगाडीवाल्याचं." मुलीने आधी चिनी अक्षरे काढली, खाली इंग्रजीत लिहिले. बाईंनी चष्मा लावून ते नाव मोठ्याने म्हणून पाहिले. मुलगी हसली आणि तिने ते पुन्हा सावकाश म्हणून दाखवले. दुसऱ्या खेपेला बाईंना ते जवळजवळ बरोबर आले.